भावोजी आणि घसरता डोंगर

माझे धर्माभावोजी कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढतात, मग उजवा तळपाय सपाट करून जमिनीवर दोनदा आपटतात, मान तिरकी करून आवाज ऐकतात आणि त्यानंतर विचारतात, "बरं हाय ना?" आधी जमिनीची विचारपूस, मग माणसांची.

त्यांचा सारा जन्म पेणजवळच्या खाडीकाठी मिठागरात गेला. मिठाच्या वाफ्यात पाणी घेण्याआधी त्याचा तळ पायांनी तुडवून, चोपून घट्ट करावा लागतो. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट निघतं. आणि एकदा तळ बसला की त्यावर सपाट पायानं चालायचं. टाच रोवली की तळ फुटला! हे शास्त्र भावोजींनी मिठागरापुरतं ठेवलं असतं तर जगाला काही त्रास नव्हता.

रोह्याला माझ्या घरात नव्या फरश्या बसवल्या तेव्हा मी हौसेनं त्यांना चहाला बोलावलं. त्यांनी पाय आपटला. "सुरेश, तळ बसला नाय."

गवंडी तिथंच उभा होता. तो म्हणाला, "काका, सिमेंट ओलं हाय अजून."

"मंग मला ओल्यात कशाला बोलावलंस?"

शेजारच्या अष्टमी गावात एका लग्नात भावोजी आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या पायांशीच त्यांनी दोन ठोके दिले. नवरदेव दचकून मागं सरकला तो नवरीच्या पदरावर. लग्नाच्या व्हिडिओत ते दृश्य आहे. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

या भावोजींची एकुलती एक लेक सोनाली. बापानं जमिनीचा वरचा थर चोपला, लेकीनं खालचे थर शिकायला घेतले. ज्वालामुखींचा अभ्यास करत करत ती पार निकाराग्वाला पोचली. आणि गेल्या वर्षी एका सकाळी तिनं व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं, "बाबा, मला इथला एक मुलगा आवडलाय. मातेओ. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही."

"करतो काय?"

"इथं एक ज्वालामुखी आहे. पर्यटकांना त्याच्यावर नेतो आणि फळीवर बसवून खाली घसरवतो."

माझी ताई भाकरी थापत होती. तिनं मागं वळून विचारलं, "म्हंजे घसरगुंडीवाला?"

भावोजी उठून अंगणात गेले आणि आपलीच, पन्नास पावसाळे काढलेली जमीन ठोकून आले. आत येऊन म्हणाले, "तळ बगितल्याशिवाय पोर द्यायची नाय."

ताईला विमानाची धास्ती. तिनं मला धाटावच्या कंपनीतून रजा काढायला लावली. "तू जा रे यांच्याबरोबर. एकटे गेले तर विमानाचा तळ ठोकत बसतील."

मी बरोबर होतो, तरी त्यांनी ठोकलाच. दारातच. हवाईसुंदरीला वाटलं, गृहस्थ रागावलेत. तिनं त्यांना ज्यूस आणून दिला. परतीच्या प्रवासातही त्यांनी आवर्जून ठोकला.

मातेओ दिसायला काळासावळा, हसरा. भावोजींना नाव काही जमेना. पहिल्या तासातच त्यांनी त्याचा 'म्हात्रे' करून टाकला. त्याच्या घराची जमीन तपासली, ती पास झाली. त्याच्या आईच्या स्वयंपाकघराचीही झाली. मला वाटलं, जमलं! पण जेवताना भावोजी सोनालीला म्हणाले, "घर बरं हाय गो. पण याचं पोट त्या डोंगरावर हाय. त्यो डोंगर घट्ट हाय का?"

"बाबा, तो घट्ट नाही म्हणून तर लोक घसरतात."

"मंग माझी पोर कशावर उभी ऱ्हानार?"

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "उद्या या तुम्ही डोंगरावर. आणि तिथंच काय ते सांगून टाका."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या डोंगरावर चढलो. झाड नाही, गवत नाही, नुसती काळी खडी, कुणीतरी जगभरच्या कढया खरवडून इथं आणून ओतल्यासारखी. भावोजींना नारिंगी कपडे आणि मोठा चष्मा चढवला होता; गळ्यात बांधलेला पंचा मात्र त्यांनी काढू दिला नव्हता. माथ्यावर पोचताच ते खाली वाकले. सोनाली ओरडली, "बाबा, बूट नका काढू!"

पण तळ बूट घालून कुणी तपासतं का? भावोजींनी दोन्ही बूट, दोन्ही मोजे काढले आणि पाय आपटला. पाय घोट्यापर्यंत खडीत गेला. आतली खडी तव्यासारखी तापलेली. "आई गं!" करून त्यांनी दुसरा पाय टेकला, तोही गेला. पेणचा पंचाहत्तरीचा माणूस ज्वालामुखीच्या डोक्यावर नाचतोय हे दृश्य मी डोळे भरून पाहिलं. बूट चढवता चढवता ते गरजले, "तळच नाय या डोंगराला!"

सोनालीचा चेहरा पडला. मातेओला शब्द कळले नव्हते, पण अर्थ कळला. त्यानं निमूट फळी पुढं केली.

"बसा बाबा," सोनाली म्हणाली. "जोर वाढला की टाचा रोवा. तोच ब्रेक."

आणि भावोजी निघाले. वेग वाढला. आम्ही वरून ओरडतोय, "टाच! टाच रोवा!" आणि ज्या माणसानं जन्मात कधी वाफ्यात टाच रोवली नाही त्यानं काय करावं? दोन्ही पाय वर उचलले! फळी सुटली ती बंदुकीच्या गोळीसारखी. मातेओनं स्वतःची फळी घेतलीच नाही. तो त्या उतारावर उड्या मारत, पडत, लोळत, परत उठत त्यांच्या मागं धावला आणि पायथ्याच्या थोडं वर, उतार कमी होऊन फळी मंदावली तिथं, तिच्यावर आडवा पडला. काळ्या धुळीचा मोठा लोट उठला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा दोघंही बसलेले होते. मातेओच्या बुटांच्या चिंध्या झालेल्या, दोन्ही घोटे सोलून रक्ताळलेले. पण तो गुडघे टेकून, भावोजींचे बूट काढून, त्यांचे लाल झालेले तळपाय हातात घेऊन त्यांवर बाटलीतलं पाणी ओतत होता, फुंकर घालत होता.

भावोजी त्याच्या घोट्यांकडं बघत होते. अचानक त्यांनी पाय मागं ओढले.

"थांब, म्हात्रे. आमच्यात हे उलटं असतं."

त्यांनी बाटली काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. "सुरेश, मामा हायस ना पोरीचा? पाणी वत."

मी पाणी ओतू लागलो. भावोजींनी त्या पोराचे फाटके बूट उतरवले, पाय आपल्या मांडीवर घेतले आणि धुवायला लागले. मातेओ बावरून सोनालीकडं बघत होता. "काय करतायत ते?" त्यानं शब्दांनी नाही, डोळ्यांनीच विचारलं. मांडवात मुलीचा बाप नवऱ्या मुलाचे पाय धुतो हे त्याला कोण सांगणार? जिनं सांगायचं ती तोंडावर हात धरून रडत होती.

"बाबा, लग्न पेणलाच करू आपण," ती कशीबशी म्हणाली. "येऊ आम्ही दोघं."

"येशील गो बाय. लग्नाला येशील." भावोजी मान खाली घालून म्हणाले. "मंग?"

त्यांनी गळ्यातला पंचा सोडला आणि मातेओचे पाय पुसायला लागले. पाय केव्हाच कोरडे झाले होते. भावोजी पुसतच होते.