वन्संचे दोन पंखे

आमच्या वन्सं सकाळी उठल्या की आधी गाडीच्या बॉनेटला हात लावतात. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, पालथा. रात्रभर उभी असलेली गाडी गारच असणार. पण हात लावायचा, मान हलवायची, मगच चहा. मागे मला चार दिवस खराच ताप होता, तेव्हा दारातूनच "वहिनी, किती आहे?" विचारून थर्मामीटर पलंगावर टाकला आणि गेल्या गाडीकडे.

वन्सं म्हणजे माझी नणंद, सुमन. वय सत्तर. लग्न केलं नाही. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत जन्म काढला. माझे यजमान गेल्यापासून इंदूरच्या या घरात आम्ही दोघीच आहोत. मुलगा मिलिंद दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि रोज येऊन आम्हाला अक्कल शिकवतो.

गाडी माझ्या सासऱ्यांची. काळी, गोल पाठीची, पुढे चांदीसारखी जाळी. सासरे संस्थानी कचेरीत होते. संस्थान गेलं, कचेरी गेली, तिथल्या साहेबाची गाडी तेवढी सासऱ्यांकडे राहिली. ती आता वन्सं चालवतात. रस्त्यावरची पोरं ओरडतात, "अरे वा दादी!" वन्सं काच खाली करून सांगतात, "दादी नहीं, बुआ."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "आधी हवा, मग बाकी." लोणच्याला बुरशी आली, आधी हवा. शेजारच्या सुनेचं सासूशी पटेना, त्या पोरीला आधी हवा पाहिजे. मला झोप लागत नाही म्हटलं तर थंडीच्या दिवसांत खिडकी उघडून गेल्या. त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं दारं लावल्यामुळे होतात.

आणि ज्या बाईला सगळ्यांच्या हवेची काळजी, तिचीच गाडी हवेवाचून उकळायची.

गाडी उज्जैन रस्त्याला लावली तर मख्खन. पण राजवाड्याच्या गर्दीत शिरली की दहा मिनिटांत वाफ. कारण मला वन्संनी इतक्यांदा सांगितलंय की आता मीच सांगू शकते. गाडीचा जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू तर पंखा हळू, आणि गाडी हळू म्हणून समोरून वारा नाही. नेमकी गरज असते तेव्हाच पंखा आळस करतो.

बरं, मग गर्दीत नेऊ नये. पण वन्संना गाडी न्यायची असायची बारातीतच. मोहल्ल्यातला कुठलाही मुलगा घोडीला घाबरला, की नवरदेव आमच्या गाडीत. बारात चालते मुंगीच्या चालीनं, दर चौकात नाच. गेल्या वर्षी भर चौकात जाळीतून असा फवारा उडाला की बँडवाले ढोल टाकून पळाले. नवरदेव सेहरा सावरत ई-रिक्षातून मांडवात गेला.

मिलिंद चिडला. "आत्या, हायवेवर चालते ना बरी? मग तिथेच चालव ना! हे बारातीचं काय खूळ आहे?"

वन्सं गाडीची जाळी पुसू लागल्या. मिलिंदनं शेवटचं सांगितलं. बायपासवरच्या एका हॉटेलवाल्याला ही गाडी हिरवळीवर शोभेला ठेवायची होती. "पुढच्या बारातीत परत उकळली तर देऊन टाकू. तो तिच्यात कुंड्या ठेवणार आहे."

"कुंड्या!" वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात कारखाना सुरू झाला. वन्संनी भंगार बाजारातून एका नव्या गाडीचे दोन विजेचे पंखे आणले. मदतीला रफीकभाई मिस्त्री. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दीदी, ये गाडी नहीं, पतेला है. इसमें दाल चढा दो."

"दाल तुम्ही चढवा, तार मी जोडते," वन्सं म्हणाल्या.

पंखे लावले तर गाडीचे दिवे मिणमिणले. जुन्या यंत्राला तेवढी वीज बनवता येईना, म्हणून ते काढून नवं बसवलं. मग पंख्यांची हवा इकडेतिकडे जाऊ नये म्हणून भोवती पत्र्याची चौकट हवी होती. त्यासाठी माझा गव्हाचा डबा कापला. मी दुपारी झोपले होते. उठून बघते तो गहू पातेल्यांत, आणि डबा गाडीच्या पोटात.

"वन्सं, विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिला असता का?"

"नाही."

"मग?"

एवढं करून राजवाड्याला चक्कर मारली, तर गाडी पूर्वीपेक्षा लवकर उकळली. रफीकभाईंनी डोकं धरलं. मिलिंद फोनवर कुठल्या तरी इंजिनीयर मित्राला गाडी दाखवत होता, तोही म्हणे पंखे तर जोरात फिरतायत. वन्सं पायरीवर बसल्या होत्या, बोटांना काळं तेल, तोंड उतरलेलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गाडीच्या समोरून चालले, तर जाळीतून गरम वारा थेट तोंडावर आला आणि पदर उडाला.

मी म्हटलं, "वन्सं, हा पंखा आत ओढायला लावलाय की बाहेर फेकायला? मला तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होतंय."

वन्सं उठल्या. वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरला. तो चिकटायला हवा होता, तर भुर्रकन तुळशीपर्यंत गेला. तारा उलट जोडल्या होत्या. तिघा शहाण्यांनी पंख्याचा वेग बघितला, दिशा कोणी बघितली नाही. वन्सं इतक्या हसल्या की ठसका लागला. मी माझ्या डब्याची आठवण करून दिली.

तारा बदलल्या आणि मे महिन्यात शेजारच्या जैन भियांच्या, इंदुरात भाऊला भियाच म्हणतात, मुलाचं, अंकितचं लग्न आलं. वन्सं इस्त्रीची सुती साडी नेसून स्टिअरिंगवर, मी शेजारी, अंकित मागे. समोर बँड, बाजूनं मिलिंद दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन चालतोय. चौकात नाच सुरू झाला तो संपेचना. तापमानाची सुई चढू लागली. माझा हात दाराच्या कडीवर गेला. तेवढ्यात घर्रर्र करून दोन्ही पंखे लागले. सुई थांबली. मग खाली आली.

मिलिंदनं काचेतून डोकं घातलं. "आत्या, सुई?"

"मिलिंद, कॅन ठेव आणि नाच," वन्सं म्हणाल्या.

आणि तो नाचला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांच्या पदव्या ऐकल्यात, पण त्या चौकात माझ्या नणंदेची छाती जेवढी फुगली, तेवढी कोणाची पाहिली नाही. माझीही फुगली, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या गार्डनशी पोहोचलो. वर्दीतला एक माणूस काचेवर टकटक करून म्हणाला, "ड्रायव्हर मॅडम, सवारी उतार के गाडी पीछे लगाना. ड्रायव्हर लोगों का खाना भी उधरीच है."

मी त्याला चार शब्द सुनावणार होते. वन्संनी माझा हात दाबला. "राहू दे गं वहिनी."

"काय राहू दे? ड्रायव्हर म्हणतोय तो तुम्हाला!"

त्या समोर बघत म्हणाल्या, "बरं वाटतं. एरवी लग्नात गेलं की पहिला प्रश्न, तुम्ही कोणाच्या कोण? मग, यजमान काय करतात? मुलं किती? ड्रायव्हरला कोणी काही विचारत नाही. आणि त्याच्यावाचून बारात हलत नाही."

पन्नास वर्षं आम्ही एका घरात आहोत. मला हे माहीत नव्हतं. वन्संना गाडी हायवे सोडून बारातीतच का न्यायची असायची, ते तेव्हा कळलं.

अंकित उतरला होता. फाटकाशी जाऊन परत वळला. "बुआजी, आप चलो. आपके बगैर अंदर नहीं जाऊंगा."

"बेटा, दो मिनिट. पंखा थांबू दे."

या नव्या पंख्यांचं असं आहे की इंजिन बंद केलं तरी गाडी गार होईपर्यंत ते फिरत राहतात. बँड थांबला. साफे बांधलेली सगळी बारात घाम पुसत उभी राहिली. पंखे फिरत होते, तेवढाच आवाज. मग थांबले. वन्संनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि खाली उतरल्या. अंकितनं त्यांचा हात धरला.

मुलीकडची एक भरजरी बाई पुढे झाली आणि मला विचारू लागली, "ये लडके की कौन लगती हैं?"

मी म्हटलं, "हमारी हैं. रास्ता दो."