धुरामागे धावणारी ऋतुजा

शेतातून धूर दिसला की आमच्या शेजारची ऋतुजा भरल्या ताटावरून उठते. स्कूटी काढते, थेट त्या बांधावर जाते आणि पाचट पेटवून निवांत तंबाखू मळत बसलेल्या माणसाला विचारते, "ह्यो धूर कुठं जातो?"

"वर."

"वर म्हंजे कुठं?"

इथून पुढे भांडण. धुराची काजळी वाऱ्याने जाऊन लांबच्या बर्फावर बसली की बर्फ ऊन ओढून घेतो आणि लवकर वितळतो, हे ती तावातावाने सांगते आणि तो माणूस आभाळाकडे बघत पिंक टाकतो. इस्लामपूरच्या बाजूला ऊस तुटला की खाली उरलेलं पाचट पेटतंच. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत या पोरीच्या पोटात धड घास जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरापोरींना जहाजातून उत्तर ध्रुवाकडे नेणाऱ्या एका मोहिमेत तिची निवड झाली. बर्फ कसा वितळतोय ते डोळ्यांनी बघायचं आणि गावाला सांगायचं, एवढंच काम. ती बघून आली. गावाने काय ऐकलं? कप्पाळ.

गावाने सत्कार केला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर ओळीने पुढारी, दोन पेंग्विन आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढी ऋतुजा. ती शिडी लावून चढली आणि पेंग्विन कात्रीने कापून काढले, कारण ते दक्षिणेला असतात आणि ही गेली होती उत्तरेला. त्या भरात एका पुढाऱ्याचा कान गेला. मला विचाराल तर तो स्वस्तात सुटला.

कार्यक्रमात फटाक्यांच्या माळा लागल्या, माणसं खोकली, प्रत्येक पुढारी मन भरेपर्यंत बोलला. मग जेवणं खोळंबलीत म्हणून हिला सांगितलं, दोन शब्दांत आटप. "पेटवू नका," एवढं म्हणून ती खाली बसली. माझं तर डोकंच फिरलं. एवढ्या लांब बघायला पाठवलेल्या पोरीला काय दिसलं, हे विचारायची कुणालाच गरज वाटली नाही. बायकांनी विचारलं ते, तिकडे भात मिळतो का.

त्यात घरचीच काडी पडली. पाचटाची कुट्टी करणारं यंत्र तिच्या वडिलांना, तात्यांना, वेळेत मिळेना. इकडे तुटल्या उसाच्या नव्या फुटव्याला पाणी द्यायची घाई. ऋतुजा कॉलेजात गेलेली बघून त्यांनी रानातलं पाचट पेटवलं. ती आली आणि मोटर चालू करून पेटत्या सऱ्यांत पाणी सोडलं. अर्धं रान जळलं, अर्ध्याचा चिखल झाला.

"बर्फ बघून आलीस आन् बाप वैरी दिसाय लागला व्हय?" तात्या म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून बापलेकीचा अबोला. एका पंगतीत बसून मीठसुद्धा आईच्या मार्फत मागतात. तात्यांचा मला राग आलाच, पण यंत्रं आणायची सोडून शाली वाटत फिरणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

परवा ती कुठल्याशा बांधावर भांडून, लाल डोळ्यांनी माझ्या पायरीवर येऊन बसली. मी वैतागून विचारलं, असं काय बघितलंस गं बाई त्या बर्फात, की बापाशी बोलणं टाकलंस?

ती हळूहळू सांगायला लागली. तिथे बर्फाचे मोठाले तुकडे पाण्यावर तरंगतात. वितळताना त्यांच्यात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फुटत राहतात. सगळी पोरं जहाजाच्या कठड्याशी उभी राहून तो आवाज ऐकत होती. काहीजणी रडल्या. हीसुद्धा रडली.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"तडतड. आपलं पाचट पेटल्यावर हुतो, तस्साच." तिने ओढणीने नाक पुसलं. "बाकीच्या त्या बर्फासाठी रडत हुत्या, काकी. मला तात्या आठवलं. काजळीनं काळं झाल्यालं त्यांचं बनियन आठवलं. कवा एकदा घरी जाईन असं झालं."

मग हे सांग की त्यांना, मी म्हणाले.

"कुठल्या तोंडानं सांगू? हिथं ज्या आगीवर पाणी सोडलं, तिच्याच आठवणीनं तिथं रडत हुते मी."