सहाबारीच्या शेवटच्या धावेची बखर

श्रीशस्त्रदेवता साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, श्रावणमासी, राज्यात पाणीपाऊस बरा, रयत सुखी, पाठशाळेची चाचणी नुकती आटोपलेली, ते समयी विठोजीराव नलवडे सरदार पाटावर भोजनास बैसले असता त्यांची कन्या तुळजा इणे भर पंगतीत प्रश्न केला की, "बाबासाहेब, आपल्यामागे सहाबारी कोणाची?"

आता हा प्रश्न तिचा नव्हे. पाठशाळेच्या कट्ट्यावर मंजुळा व हौसा या दोघी सख्यांनी तिला डिवचिले की, तुळजे, बापापुढे तुझी बोबडी वळते, विचारून दाखव तर खरी. तुळजा गेल्या सालापर्यंत हजेरीलाही पुटपुटणारी, परंतु या साली वक्तृत्वाची ढाल जिंकिली आणि कंठ फुटला, आणि फुटला तो मग मिटेचना. म्हणोन विचारिले. ऐकोन आईसाहेब गजराबाई यांचे ध्यान उडाले, तव्यावरली भाकर करपली, आणि त्या बोलिल्या, "कार्टे, जेवत्या बापाचं मरण काढतेस? आणि काढलंस तेही माझ्या सवतीपायी?" कारण आईसाहेब त्या शस्त्रास सवतच म्हणत. सरदारांनी लग्नापासोन बायकोस जितके न्याहाळिले नाही तितके तिला तेलपाणी केले, ऐसा त्यांचा जुना दावा. सरदार मात्र हसले, आणि हात धुवोन उठले.

सहाबारी म्हणजे थोरल्या आबासाहेबांचे, तुळजेच्या आजोबांचे, सहा गोळ्यांचे पिस्तूल. गोळ्या भरावयाचे चाक बिजागरीवर बाहेर येते, भरोन झाले की आत लावावे. थोरले आबासाहेब ती घेऊन राज्याच्या धावनेमबाजीत उतरत. या खेळात खुणेची शिटी होताच एका मोर्चावरून दुसऱ्या मोर्चावर धावावे, लोखंडी तबकड्या पाडाव्या, धावता धावता पुन्हा भरावे, आणि ज्याचा वेळ थोडा त्याची ढाल. इतर मानकरी नव्या घडणीची चपळ शस्त्रे आणीत, आणि नलवड्यांची ही म्हातारी सहाबारी पाहोन गालात हसत, आणि मग तबकड्या पडू लागल्या की हसू गिळीत. थोरल्यांची शिकवण एकच. ते म्हणत, बाळंतिणीच्या खोलीचं दार लावावं तसं चाक लाव. म्हणजे दोन्ही हातांनी, हळू, आवाज न करिता. त्यांच्यामागे विठोजीरावही तैसेच लावीत आले. वेळ जाई, परंतु म्हातारी शाबूत राहिली.

पुढे एके सकाळी सरदारांनी कन्येस अंगणात बोलाविले आणि शस्त्र तिच्या हाती दिले, आणि बोलिले, "विचारलंस ना? मग धावून दाखव." तुळजा आनंदाने नाचली, पाठशाळेत जाऊन सर्वांस सांगितले, भाव बहुत खाल्ला. पण तिला ठाऊक नव्हते ते हे की, संधिवाताने सरदारांचा अंगठा आखडला होता, गोळी चिमटीत ठरत नव्हती, आणि यंदा एकदा शेवटचे धावावे ऐसा मनसुबा त्यांनी फक्त आईसाहेबांपाशी बोलिला होता. वडीलधाऱ्यांस बैठा सामना असे, वेळेचे बंधन नाही, बोटे चालत नसतील तर भरणारा सोबत न्यावा ऐशी मुभा. त्यास सरदार म्हणत, ते म्हणजे घोड्यावर बसून पोथी वाचणे. ऐसा अभिमान, आणि तो धावेचा मान त्यांनी न बोलता लेकीस दिला.

मग भाद्रपदात गावाबाहेरल्या जुन्या दगडखाणीत सराव चालला. तुळजा चपळ, नेमाची पक्की. चाक दोन्ही हातांनी लावी आणि सरदार मान डोलावीत. परंतु सामन्याच्या आदल्या दिवशी सख्या पाहावयास आल्या आणि हौसा बोलिली, "हे काय गं, लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतेस का? पडद्यावरचे शूर कसे लावतात, मनगटाचा एक झटका, खट्!" मंजुळेने हवेत हात झटकोन दाखविला. तुळजा हसली आणि नाही म्हणाली. पण ते खट् तिच्या मनगटात शिरले ते शिरलेच.

सामन्याचे दिवशी खाणीत गर्दी बहुत. मानकरी, पंच, भजी तळणारे, सर्वांचे कानांस बोळे. शिटी झाली आणि तुळजा निघाली, आणि पहिल्या मोर्चाच्या तबकड्या ऐशा पडल्या की नव्या शस्त्रांचे धनी एकमेकांकडे पाहो लागले. मग धावता धावता तिने रिकामी टरफले झाडिली, नव्या गोळ्या भरिल्या, आणि दुसरा मोर्चा समोर आला, आणि तेथे दोरीपलीकडे हौसा व मंजुळा उभ्या. तुळजेने त्यांजकडे पाहिले आणि मनगटास झटका दिला. खट्. सख्यांनी टाळ्या पिटिल्या. ऐसे सुख तिला वक्तृत्वाच्या ढालीनेही दिले नव्हते. मग चाप ओढिला, आणि बार झाला तो निराळाच, फाटका, आणि बाजूने ठिणगी उडाली. तत्क्षणी मागून सरदारांचा आवाज आला, "थांब!"

तिने ऐकिले. बोळे होते, तरी ऐकिले. पण टाळ्याही ऐकिल्या, आणि समोर तबकडी उभी, आणि वेळ चाललेला, आणि तिने आणखी एक बार काढिला. मग पंचांनी धावोन हात धरिला. झटक्याने बिजागरी वाकली होती, म्हणोन चाकाचे घर नळीच्या तोंडासमोर नीट येईना. पहिल्या बारास शिसे खरवडले, आणि दुसऱ्या बारास नळीचे तोंड तडकले. पहिल्यावर थांबती तर म्हातारी वाचती, हे सरदारांनी शस्त्र उजेडाकडे धरिताच ओळखिले, आणि तुळजेनेही त्यांच्या मुद्रेवरून ओळखिले. ते एवढेच बोलिले, "हाताला लागलं का?" नाही म्हणताच त्यांनी शस्त्र रुमालात गुंडाळिले. सख्या ऐशा पांगल्या की ओढणीही दिसेना. ढाल दुसऱ्याच घरी गेली.

तुळजेस वाटले, आता घरी गेल्यावर बोलणी बसतील. ती वाट पाहो लागली. पण सरदारांनी नित्याप्रमाणे पाट मांडिला, तेल घेतले, आणि आखडल्या अंगठ्याने ते तडकलेले शस्त्र पुसोन काढिले, जैसे काही उद्याच धावावयाचे आहे. तो अंगठा तिने तेव्हाच प्रथम नीट पाहिला, आणि ती न्हाणीघरात जाऊन रडली. शिव्या मिळत्या तर बरे होते. पुढे शिकलगाराकडे नेले. तो म्हणाला, बिजागरी सरळ होईल, तोंडास कडे बसवीन, हलक्या दारूची गोळी सावकाश सोसेल, पण पळापळ हिच्याच्याने आता होणे नाही. कट्ट्यावर हौसा म्हणाली, जाऊ दे गं, जुनंच तर होतं. त्या दिवसापासोन तुळजा कट्ट्यावर बैसली नाही.

खंडेनवमी आली. भंगले शस्त्र पूजेस मांडू नये ऐसा त्या राज्याचा रिवाज. तुळजेने पाटावर तलवार मांडिली, कट्यार मांडिली, विळा, कोयता, आपला कंपासही मांडिला, आणि सहाबारीची जागा मोकळी ठेविली, आणि ती मोकळी जागा तिच्याच्याने पाहवेना. तो आईसाहेब आतून आल्या, पदराखालून रुमाल काढिला, सहाबारी पाटाच्या मधोमध ठेविली आणि हळदकुंकू वाहिले. सरदार रिवाज सांगो लागले, तर म्हणाल्या, "सवत असली तरी घरातली आहे. हातपाय मोडला म्हणून सणाला उपाशी ठेवू की काय?" सरदारांनी डोळे पुसिले, आणि धूप लागला म्हणाले. धूप अजून पेटविला नव्हता.

तेव्हा तुळजेने दोघांस नमस्कार केला. कंठ होता तोच, पण आवाज खाली आला होता. बोलिली, "बाबासाहेब, आईसाहेब, मी ठरवलंय. आपल्यामागे ही कोणाची, तो प्रश्न मी परत घेते. पुढल्या साली बाबासाहेबांनी बैठ्या सामन्यात उतरायचं. पोथी म्हणा, काही म्हणा. भरणारी मी. चाक मी लावीन, दोन्ही हातांनी. आणि मंजुळा-हौसाला मी स्वतः बोलावणार आहे, बघायला."

एकूण वर्तमान ऐसे की, त्या साली मोहीम एक जाहली, ती फसली, आणि नलवड्यांची सहाबारी त्यानंतर धावली नाही. घडले तैसे लिहिले, गोड करोन लिहिले नाही.