मास्तरांची गुरू ग्रहावरील मोहीम, साक्षीसह

हकिकत ऐसी जे, पृथ्वीवर करण्याजोगी कामे पुष्कळ असतां, गच्चीनशीन तारधुरंधर निवृत्त विज्ञानमास्तर यांनी गुरू ग्रहाचा आवाज ऐकण्याची मोहीम कैसी तडीस नेली, हे पुढील पिढ्यांनी विचारिले नाही तरी सांगणे प्राप्त आहे.

गुरू ग्रह मोठा उमराव. कोट्यवधी कोसांवर बसोन मर्जी होईल तेव्हां रेडिओच्या लांब लहरी सोडितो, आणि मर्जी नसतां महिनोन्महिने मौन धरितो. मास्तरांनी मास्तरीणबाईंच्या कपडे वाळविण्याच्या खांबांवर तांब्याची तार ताणिली, आणि बॅटरीवरचा रेडिओ जोडून त्याच्या स्पीकरपुढे तसलाच बॅटरीवरचा जुना टेपरेकॉर्डर ठेविला, आणि गतसाली आवाज सापडला म्हणोन दूरच्या निरीक्षक मंडळास खलिता रवाना केला. मंडळाने कळविले जे, हा गुरू नव्हे, माशांच्या काचपेटीचा पंप आहे. तपास करितां पंप दुसऱ्या मजल्यावरील दातांच्या डॉक्टरांचा निघाला. मग जिन्यांत जो भेटे तो पुसे, "काय मास्तर, मासे काय म्हणतात?" मास्तर हसून घेत, आणि घरी येऊन अर्धपोटी उठत.

ऐशांत इमारतीचे अध्यक्ष, पार्किंगपती, सूचनाफलकाचे एकमेव लेखक, यांचे फर्मान सुटले जे, रविवारी सकाळी सहास गच्चीवर पाणी तापविण्याची सौरयंत्रे बसणार, सबब तारेचा पसारा तत्पूर्वी उठवावा, न उठविल्यास आम्ही जातीने तोडू. मास्तरांनी गणित मांडिले तों गुरू बोलण्याचा संभव त्याच रविवारी, पहाटे साडेपाचाचे सुमारास. ही वेळ हुकली तर पुन्हा गच्ची नाही, आणि माशांचा डाग जन्माचा कपाळी.

रविवारी मास्तर कान लावोन बसले. साडेपाचास स्पीकरांतून लाकडावर करवत चालावी ऐसी घरघर सुरू जाहली. ती लिफ्टच्या मोटारीची; लिफ्ट हलली होती. मास्तरांनी खाली फिरावयास गेलेल्या मास्तरीणबाईंस फोन लाविला.

"अगं, लिफ्टमध्ये कोण आहे?"

"अध्यक्ष. हातात पक्कड आहे."

"संपलं मग."

बाईंनी त्या तारेस तीन वर्षे नावे ठेविली होती, आणि तिच्यापायी ओल्या चादरी खुर्च्यांवर वाळविल्या होत्या. त्यांनी विचारिले, "तुमच्या त्या गुरूला बोलायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं तरी. का गं?"

"माझ्या नवऱ्याला हसायचं तर मी हसेन. बाकीच्यांनी नाही."

ऐसे बोलोन बाई मीटरच्या खोलीत शिरल्या आणि अवघ्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढिला. दिवे, फ्रिज, माशांचा पंप, समस्त फौज गारद जाहली, आणि जाळीच्या दाराची, गोगलगायीच्या चालीने चढणारी लिफ्ट सहाव्या-सातव्या मजल्यांमध्ये अध्यक्षांसह लटकली. मग त्या शांततेत स्पीकरांतून लाटा वाळूवर येऊन फुटाव्या तैसा आवाज आला, गेला, आणि पुन्हा आला. मास्तरांच्या डोळ्यांस पाणी आले. आनंदच तितका होता.

परंतु लिफ्टची खोली गच्चीलगत. तेथून अध्यक्षांचा आवाज वर चढला, "अहो, लाइट गेलेत! सगळ्या इमारतीचे गेलेत! कोणी आहे का?" तो लाटांसमवेत टेपवर उतरला. दहा मिनिटांनी बाईंनी स्विच वर केला, आणि अध्यक्षांनी गच्चीवर येऊन तार तोडिली. टेप नासली ऐसे मानून मास्तरांनी ती निव्वळ हट्टाने मंडळास धाडिली.

उत्तर आले ते ऐसे. याच लाटा त्याच घटकेस आमच्या अन्य दोन ठाण्यांवरही मिळाल्या. आमचा पहिला संशय सदैव घरच्या विजेवर असतो, परंतु येथे एक गृहस्थ घसा फोडून वीज नसल्याचे सांगत आहेत. सबब आवाज गुरूचाच, मान्य.

ते पत्र मास्तरीणबाईंनी स्वहस्ते सूचनाफलकावर लाविले, आणि खाली कायमची नोंद केली ती येणेप्रमाणे: मोहीम फत्ते. साक्ष, खुद्द अध्यक्ष, मुक्काम सहावा आणि सातवा मजला यांच्या मध्ये.