खाली जाणारा बाण

वस्तीतल्या लोकांनी मिळून चालवलेल्या आमच्या शाळेत, मुलांची प्रगती या वर्षापासून मुलांनीच मोजावी, असा ठराव एकमताने संमत झाला. आपल्याला आपल्याइतके कोण ओळखते, हा त्यामागचा थोर विचार. प्रत्येक मुलाला एक प्रपत्र मिळाले. प्रत्येक विषयापुढे तीन चौकोन : येत नाही, थोडे येते, पूर्ण येते. वर्षातून दोनदा खूण करायची. दोन खुणा मिळाल्या की संगणक त्यांच्यामध्ये एक बाण काढतो आणि तो बाण वर जातो. खाली जाणाऱ्या बाणाची तरतूद नव्हती. मोजायची होती ती प्रगती. दुसरे काही मोजायचा ठराव कोणी मांडलाच नव्हता.

मुख्याध्यापक जाणते गृहस्थ. पहिल्या सत्रात त्यांनी वर्गोवर्गी फिरून मार्गदर्शन केले, “मुलांनो, आत्ता नम्र राहा. प्रामाणिकपणा दुसऱ्या सत्रात.” मुलांनी लगेच ओळखले. ज्यांना सतरापर्यंतचे पाढे झोपेतही येत होते, त्यांनीसुद्धा ‘थोडे येते’वर खूण केली.

शिंपीणबाईंची पाचवीतली थोरली मुलगी मात्र त्या दिवशी तापाने घरी होती. दोन दिवसांनी तिने आपले प्रपत्र एकटीनेच भरले आणि भागाकारापुढे ‘पूर्ण येते’ करून मोकळी झाली. दुसऱ्या सत्रात तिनेच ‘थोडे येते’वर खूण केली. संगणकाने बराच वेळ विचार केला आणि तो बंद पडला. शेजारच्या कार्यालयातून प्रगती अधिकारी आले.

सभा पाचवीच्या वर्गात भरली. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. सगळे बाक भरले होते. मी पाचवीची वर्गशिक्षिका, दाराजवळ उभी होते. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाणीही घ्यायचे नाही आणि दिवसभरात खोटे बोलायचे नाही, हे माझे दोन नेम बावीस वर्षांत मोडलेले नाहीत.

“बाळ, चुकून झालं ना?” अधिकाऱ्यांनी मायेने विचारले.

“नाही सर. चुकलं होतं ते आधीचं. आता बरोबर आहे.”

“म्हणजे आधी येत होतं, आणि शाळेत येऊन विसरलीस?”

“नाही हो! दहाला तीनने भागलं की एक उरतो ना, तो मी आधी तसाच सोडून द्यायचे. आता कळलं, त्याचेही तीन भाग करता येतात. मग परत उरतं. त्याचे केले की परत उरतं. ते संपतच नाही. जे संपत नाही ते मला पूर्ण येतं, असं कसं लिहू?”

शाळा समितीचे अध्यक्ष उठले. “असं कसं संपत नाही? द्या तो खडू.” त्यांनी तीन लिहिले, टिंब दिले, पुन्हा तीन लिहिले, आणि तीन तीन तीन करत ते फळ्याच्या चौकटीपर्यंत पोहोचले. तिथे क्षणभर थांबून त्यांनी हात झटकले. “फळा संपला, म्हणजे भागाकार संपला. इतिवृत्तात घ्या.”

समितीच्या पाचही सदस्यांनी लगोलग आपापले स्वमूल्यमापन केले. भागाकार पाचही जणांना पूर्ण येत होता.

“आता उपाय दोन,” अधिकारी म्हणाले. “मुलीनं स्वेच्छेनं खूण बदलावी, नाहीतर पूर्ण येईपर्यंत चौथीत बसावं.”

“मी नाही बदलणार,” मुलगी म्हणाली.

शिंपीणबाई ताडकन उठल्या. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. “अहो साहेब, चौथीत तिची धाकटी बहीण आहे! हिला जास्त कळायला लागलं म्हणून हिला खाली बसवता?”

“ताई, प्रश्न कळण्याचा नाही, बाणाचा आहे.”

“मग बाण खाली जाऊ द्या की! माझ्या पोरीचं वर्ष कशाला घालवता?”

“तशी सोय नाही. बरं, मला सांगा, उरलेल्याचे पुन्हा भाग करायचं हे खूळ हिच्या डोक्यात घातलं कोणी?”

मी घातले होते. मधल्या सुट्टीत, भाकरीच्या चतकोरावर. मुलीने माझ्याकडे पाहिले. शिंपीणबाईंनीही पाहिले. “मी शिकवलं, आणि तिचंच बरोबर आहे,” एवढे म्हटले असते तर तिचे वर्ष वाचले असते. माझे काय झाले असते, ते अधिकाऱ्यांच्या हातातल्या पेनाला ठाऊक.

खोटे तर मी बोलत नाही. म्हणून मी मौन धरले. माझे मौन गुरुवारी असते आणि तो मंगळवार होता. पण व्रत वाढवायला कोणाची हरकत नसते.

“कोणी नाही,” मुलगी शेवटी म्हणाली. “माझं मीच.”

“स्वयंअध्ययन!” अधिकारी खूश झाले. हा रकाना त्यांच्याकडे रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशी ती दप्तर घेऊन चौथीत गेली. तिचे नवे प्रपत्र उघडले. त्यात पहिल्या सत्राची नम्रता मुख्याध्यापकांनी स्वहस्ते भरली. चौथीत भागाकार बाकीपाशी थांबतो. वर्षअखेर तिने तिथे ‘पूर्ण येते’वर खूण केली. बाण सरळ वर गेला. शाळेच्या दारावर ‘शंभर टक्के प्रगत’ असा फलक लागला.

सगळ्या वर्गांची प्रपत्रे मीच गोळा करत होते. आपले प्रपत्र माझ्या हातात देताना तिने हळूच विचारले, “बाई, तुम्हाला येतो का हो पूर्ण?”

नशिबाने तो गुरुवार होता.

शिक्षकांचेही प्रपत्र असतेच. ‘सत्यनिष्ठा’ या रकान्यात पहिल्या सत्रात मी नम्रपणे ‘थोडी’ लिहिले होते. या वेळी ‘पूर्ण’ लिहिले. बावीस वर्षांत एकही खोटा शब्द नाही. माझाही बाण वर गेला.

तुम्हीही आपली खूण करून ठेवा. वाचता वाचता ‘मी त्या मुलीच्या बाजूने’ या चौकोनात तुम्ही ती केव्हाच केली असणार, मला खात्री आहे. फक्त एकच विचारायचे राहिले. त्या मंगळवारी वर्गातले सगळे बाक भरले होते. तुम्ही कितव्या बाकावर होता?