पटाकडं पाठ करून बसणारे नाना

अंकुशनाना शंकरपट बघायला यायचे आणि पटाकडं पाठ करून बसायचे. मागं बैलजोड्या उधळलेल्या, माणसं टाचा उंच करून बघतायत, आणि हे लिंबाच्या बुडाशी डोळे मिटून. म्हणायचे, "डोळे फसवत्यात रे, खुरं फसवत न्हाईत." जोडीनं रेघ ओलांडली की निकाल तयार. "उजवा बैल दमलाय. हाकणारा झोपलाय. आन् पट कावून असा भुसभुशीत? भुईमूग लावा हितं!"

नेकनूरजवळचं आमचं गाव. नववीत शाळा सुटल्यावर मी घरात तोंड लपवून बसलो होतो. चाकणच्या कारखान्यात मला चिकटवलं ते शेजारच्या या नानांनीच. एरवी गावाकडचा फोन वाजला की कुणाचं काय झालं, हेच आधी मनात येतं. पण पटाच्या दिवशी नानांचा यायचा. फोन पटाकडं धरून म्हणायचे, "ऐक. सांग, कोण पयलं आलं?" मी जेवणाच्या सुट्टीत डबा हातात धरून डोळे मिटायचो आणि गावची धूळ नाकात यायची. उत्तर कायम चुकायचं.

पट भरायचा शेषरावांच्या पडीक रानात. गेल्या साली त्यांनी हात जोडले. "नाना, तुमच्या तोंडापायी जोड्या येईनात. एवढ्या बारी गप बसा. पट न्हाई भरला तर मी ऊस लावणार."

नाना तोंडाला उपरणं बांधून बसले. दुपारीच निम्मी माणसं उठली. "नाना बोलंनात, मंग थांबायचं कशाला?" वडेवाल्याची कढई भरलेलीच राहिली.

यंदा पट नाही, रान उसाला जाणार. तरी त्या दिवशी फोन आला. मागं हलगी नाही, भोंगा नाही. नुसता वारा आणि एक पाखरू.

"कुठं हायत नाना?"

"पटावर. ऐक."

फोन जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मग खुरं. लांबून जवळ आली, पार कानाशी. नाना तळहातांनी भुई बडवत होते. उजवा हात जरा मागं पडत होता.

"सांग," धाप लागलेली, "कोण पयलं आलं?"

"डावी जोडी."

"बरुबर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी घाबरलोच. "नाना, कायतरी चूक काढा की."

तळहातांची माती झटकल्याचा आवाज आला.

"काढली असती रे," नाना म्हणाले, "पर ऐकणारा तू एकलाच राह्यलास."