तेरड्याच्या तीन दिवसांची हकीकत

श्रीअंगणदेवता साक्ष असो. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरी व त्याचे पुढले साली, एका बंगल्यांच्या वसाहतीचे राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव घेत नाही, कारण आम्हांसही तेथेच राहणे आहे.

राज्य टुमदार. वेशीवर पहारा, दारोदारी हिरवळ, आणि चेअरमन शिरगोपीकर यांचा हुकूम ऐसा की, गवत दोन बोटांहून उंच वाढू नये, वाढेल तर सरकारी यंत्र येऊन कापील. आणि कापलेले वाया न दवडता खत म्हणोन सर्वांचे हिरवळीवर पसरावे. ऐसी काटकसर दुसरे राज्यात नाही.

तेथे त्र्यंबकराव निगुडकर म्हणोन वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी सुमतीबाई यांनी दारी तेरडा पेरिला होता, आणि दरसाल त्याच रोपांची मुळासकट जुडी बांधोन गौर घरात आणीत. बाई माघात निवर्तल्या. मग श्रावणी तेरडा आपला आपण उगवला, गुलाबी फुलला, आणि निगुडकर पायरीवर बैसोन पाहत राहिले; जीव तेथेच गुंतला, जेवणाची शुद्ध नाही. तों तेरडा कापावयाचा हुकूम आला. मग निगुडकर सभेत जावोन बोलिले, "घर माझं, अंगण माझं, खरेदीखत माझ्या नावाचं. माझ्या दारात काय उगवावं ते मी ठरवीन." चेअरमन हसोन बोलिले, "निगुडकर, तेरड्याचा रंग तीन दिवस! तेवढ्यासाठी नियम मोडायचा होय?" निगुडकर बोलिले, "तीनच दिवस द्या. गौरी जाईपर्यंत. मग मी स्वतः उपटतो." सभेत कोणी मान वर केली नाही.

मग गौरी यावयाचे आदले दिवशी निगुडकर पूजेचे सामान आणावयास बाजारी गेले, आणि मागे यंत्र आले. तेरडा गेला, आणि वर मेहेरबानी म्हणोन चेअरमनांनी तयार हिरवळीचा जाड गालिचा अंथरविला. निगुडकर पिशवी घेवोन फाटकात उभे राहिले ते दिवेलागणीपर्यंत. शेजारी म्हणाले, "आता कसं नीटनेटकं दिसतं!"

परंतु तेरड्याच्या बोंडाचा स्वभाव राज्यास ठाऊक नव्हता. बोट लागले तरी ते फुटते आणि बी उडते. खताबरोबर बी राज्यभर गेले, आणि पुढले श्रावणी दारोदारी तेरडा उगवला, खुद्द चेअरमनांचे दारी सर्वांहून दाट. मग यंत्र येताच त्यांच्या पत्नी वसुधाबाई पदर खोचोन आडव्या जाहल्या आणि बोलिल्या, "हात लावून तर बघा! यंदाची गौर माझ्या अंगणातली." हुकूम गौरी जाईतों तहकूब जाहला. एका निगुडकरांचे दारी मात्र काही नाही; नव्या गालिच्यावर खत पसरिले नव्हते. गालिच्याखालोन अंकुर वर येईना.

मग निगुडकर ते तीन दिवस चेअरमनांचे पायरीवर येवोन बैसले. वसुधाबाई म्हणाल्या, "काका, आत या ना, गौरीपुढं बसा." निगुडकर म्हणाले, "इथंच बरं. फुलं आमच्या हिचीच आहेत हो, वसुधाताई. फक्त माझ्या पायरीवरून दिसत नाहीत." चेअरमन आतून ऐकत होते. चौथे दिवशी यंत्र फिरले, आणि निगुडकर घरी जावोन आपले अंगणी अनवाणी उभे राहिले. गवत दोन बोटे होते.

इतके वर्तले, इतके लिहिले. राज्य नीटनेटके आहे. निगुडकरांस करमत नाही.